शंभर वर्षांच्या सावल्या

ड्यूकच्या बागेचा नकाशा लेबरेख्तने आपल्या रीतीनेच काढला होता: झाडं शंभर वर्षांनी होतील तेवढी, सावल्यांसकट.

बायकोला पुरून आठवडा झाला होता. त्याला काहीच वाटत नव्हतं, म्हणून तो कामावर आला.

नुकतीच लावलेली ओकची रोपं गुडघ्याएवढी होती. उतरत्या उन्हात त्यांच्या सावल्या मात्र थेट तळ्यापर्यंत पसरल्या होत्या, नकाशात होत्या तशाच. म्हातारा मजूर क्रिश्चान त्यांत पाव खात बसला होता.

"या साहेब, इथे गार आहे. ड्यूक उगीच कुरकुरतात, 'वाढलेली बाग बघायला मी असणार आहे का?' म्हणून!"

लेबरेख्त उन्हातच उभा होता. त्याने सवयीने मान हलवली आणि पायाशी पाहिलं.

त्याची सावली पडायला हवी होती तिथे नुसतं उजळ गवत होतं.