शर्वरीचा प्रसाद

“कीर्तनाला पुढे बसतेस आणि पेढे वाटायला लागले की पळतेस. आमच्या देवाशी भांडण आहे का गं?” दिगंबरबुवांनी चिपळ्या खाली ठेवून सात वर्षांच्या शर्वरीला गाठलंच.

“पेढ्याशी आहे,” ती म्हणाली. “प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची माळ असते, बुवा. त्यातलं एक आम्ल माझ्या शरीराला मोडता येत नाही. ते साठलं की मेंदूला इजा होते.”

“जन्मापासूनच आहे,” तिची आई म्हणाली. “दूध, डाळ, दाणे, सगळं बंद. प्रसाद वाटताना हिचा चेहरा बघवत नाही, म्हणून आधीच निघतो.”

सृष्टीच्या उत्पत्तीवर दोन तास बोलणाऱ्या बुवांनी तीनच शब्दांत विचारलं, “मग खातेस काय?”

“फळं, मोजून भाजी, साबुदाणा.”

“म्हणजे रोजच उपास. माझ्यापेक्षा तुझंच पुण्य जास्त की.”

पुढच्या शनिवारी, आईला सगळं विचारून, बुवांनी देवळात साबुदाण्याची खिचडी करवली. नुसतं तूप, जिरं, मिरची; तुपात दुधाची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. दाण्याच्या कुटाशिवाय खिचडी बघून मंडळी कुरकुरली. कुटावर जीव असलेल्या बुवांनी डोळे मिटून घास गिळला, “देवाला फार आवडली,” असं ठोकून दिलं आणि आईने मोजून भरलेला द्रोण शर्वरीच्या हातात ठेवला.

तिने सावकाश चव घेतली. मग सगळ्यांसारखंच तोंड वाकडं करून म्हणाली, “बुवा, मीठ कमी आहे.”

इतकी मोठी दाद आजवर आपल्या कुठल्याच कीर्तनाला मिळाली नव्हती, असं बुवांना वाटलं.