साथीचा अहवाल

"लस, मागणी होताच, विनाविलंब पुरविण्यात आली." साताऱ्याहून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी कागदावरचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि चावडीत बसलेल्या माणसांकडं पाहिलं. "बरोबर आहे ना?"

पटकीनं गावातली एकोणीस माणसं नेली, त्याला सव्वा महिना झाला होता. येरळेकाठचं हे गाव सरकारनं साथीत कसं सांभाळलं, त्याचा अहवाल वर जायचा होता आणि खाली गावच्या सह्या हव्या होत्या.

"बरोबर हाय जी," नानासो पाटील म्हणाले. "सरकारनं लय केलं."

लालासाहेब खांबाला टेकून उभा होता. बर्म्याच्या आघाडीवरून रजा घेऊन निघाला, ताकारीला गाडीतून उतरला आणि चालत घरी आला, त्याला दोन दिवस झाले होते. त्याची बायको अंजना पटकीत गेली होती. तिचं लुगडं अजून परसात दोरीवर होतं. आईनं काढलं नव्हतं, आणि त्याचाही हात तिकडं जात नव्हता.

"विहिरीत औषध टाकलं होतं ना?" साहेबांनी पुढं विचारलं.

"टाकलं की," दाराशी बसलेली लालासाहेबाची आई, मनुबाई, बोलली. "पर हीर कोरडी हुती. समदं गाव नदीतल्या झऱ्याचं पाणी पीत हुतं. औषध पडलं खाली खडकावर. लाल डाग हाय अजून, बगा वाटलं तर."

नानासोंनी तिच्याकडं डोळे वटारले. साहेबांनी मात्र टाक थांबवला. मग त्यांची नजर लालासाहेबाच्या खाकी कपड्यांवर गेली.

"तुम्ही फौजेतले. तुमची सही असली की कागदाला वजन येईल."

लालासाहेबानं कागद घेतला आणि दोनदा वाचला.

"आये, सुई गावात कवा आली?"

"अंजीच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिशी."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे लाल होते, चार तालुक्यांतनं हिंडून आलेल्या माणसाचे असावेत तसे. "लस मी पहिल्याच आठवड्यात मागितली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "वरून उत्तर आलं, आधी फौज. उरली तर मग गावं."

लालासाहेबाला आपला दंड आठवला. दर सहा महिन्यांनी रांगेत उभं करून पटकीची लस टोचायचे. टोचलं की जवान हसायचे, एकमेकांच्या दुखऱ्या दंडावर चापट्या मारायचे. त्यानंही मारल्या होत्या.

"म्हंजी तिच्या वाट्याची मलाच टोचली की," तो म्हणाला. त्यानं कागद साहेबांपुढं ठेवला. "सही न्हाई करनार मी, साहेब. खोटं हाय ह्ये."

"लाला, गड्या, कागदच त्यो," नानासो पुटपुटले. "त्यानं गेलेली मानसं परत येनार हाईत व्हय?"

"म्हनून खोटं लिवायचं?"

साहेबांनी टाक बुडवला आणि ते वाक्य आडवं खोडून टाकलं. मग मनुबाईकडं वळले. "बाई, खरं काय झालं ते तुम्ही सांगा. मी तसंच लिहितो."

दोन दिवस लालासाहेबानं आईला काही विचारलं नव्हतं, तिनंही काही सांगितलं नव्हतं. आता ती जमिनीकडं बघत बोलू लागली.

"सकाळी झऱ्यावरनं घागर तिनंच आनली. न्याहारीपतूर धा-बारा डाव भाईर जाऊन आली. मग उठवंना. डोळं आत गेलं, बोटं सुरकतली. निस्तं पानी पानी करत हुती. घागर उशालाच हुती. पर समदी म्हनली, पटकीत पानी दिऊ नगा, पानी दिलं की मानूस जातंय. मी घागर उचलून भाईर ठिवली. ती माझा पदर धरून हात जोडत हुती, आत्या, वाईच घोट. दिला न्हाई मी. दिवं लागायच्या आत गेली."

साहेबांचा टाक कागदावर टेकलेला होता आणि त्याखाली शाईचा ठिपका पसरत चालला होता.

लालासाहेबानं लष्करी दवाखान्यात पटकीची माणसं पाहिली होती. तिथं शिरेतून मिठाचं पाणी चढवायचे, आणि शुद्धीवर असेल त्याला घोट घोट पाजत राहायचे. कितीतरी जण उठून बसले होते. त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली.

"पानी द्यावं का न्हाई, हितं कुनी सांगाया आलंच न्हाई," मनुबाई म्हणाली. "म्हनून तुमास्नी इचारती, साहेब. पानी न्हाई दिलं, ते बरंच केलं न्हवं मी?"

साहेब टाक पुसत राहिले. मनुबाईनं मग मान वर करून लेकाकडं पाहिलं.

लालासाहेब तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. तिचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बरंच केलंस, आये," तो म्हणाला. "पानी द्यायचंच नसतंय."