व्हर्नाचं बटण

निरोपाचा केक कापायला थोडाच वेळ उरला होता, आणि आर्विड लिंडक्विस्टला खाली जायची लाज वाटत होती.

ऑफिसची ही इमारत त्याच्याच डोक्यातून निघालेली. जाड भिंती, तिहेरी काचा, विजेचा खर्च नावापुरता. अमेरिकेतल्या डलूथच्या थंडीत अशी दुसरी नाही म्हणून बक्षीसही मिळालेलं. फक्त दार उघडलं की सरोवरावरचा वारा थेट स्वागताच्या टेबलावर यायचा. तिथे बसणारी व्हर्ना माकी कुडकुडायची आणि रोज त्याला गाठून सुनावायची. पण तिथे हीटर लावला तर बक्षिसाचं गणित फिसकटलं असतं.

म्हणून आर्विडने तिच्या मागच्या भिंतीवर ऊब कमी-जास्त करायचं बटण असलेला थर्मोस्टॅट बसवला. नुसता डबा, आत तारसुद्धा नाही. इकडच्या ऑफिसांतली ही जुनी युक्ती. माणूस बटण फिरवतो आणि ऊब आली असं मानून घेतो.

व्हर्नाची तक्रार त्याच आठवड्यात थांबली. तो दिसला की ती उठून डब्याशी खुडबुड करायची, "हं, आता कसं बरं वाटतं!" म्हणायची आणि त्याच्या तळहातावर दालचिनीची गोळी ठेवायची. ती गोळी त्याच्या घशाखाली उतरत नसे.

आज निवृत्त होताना ती भर सभेत त्याचे आभार मानणार होती. ज्यांना ठाऊक होतं ते गालातल्या गालात हसले असते. म्हातारीचं हसं व्हायच्या आत खरं सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून तो खाली उतरला.

व्हर्ना स्वेटरवर शाल घेऊन खण आवरत होती.

"असं तोंड का पाडलंस? नोकरी माझी संपतेय, तुझी नाही."

"व्हर्ना, मी तुम्हाला फसवलं. त्या बटणाला काहीच जोडलेलं नाही. तुमच्यापेक्षा मला माझी इमारत प्यारी झाली." त्याची मान वर होईना.

व्हर्ना पुन्हा खण आवरू लागली.

"खोटं वाटतंय? उघडून दाखवतो."

"अरे, राहू दे," ती एकदम गडबडून म्हणाली. "आज कशाला? उगाच मनाला लावून घेशील."

पण आर्विड स्क्रूड्रायव्हर काढून भिंतीपाशी पोचला होता. स्क्रू जागेवर नव्हतेच. बोट लागताच झाकण हातात आलं.

आत दालचिनीच्या गोळ्या ठासून भरलेल्या होत्या.