मिशीआड

“पप्पा, तुमी मिशी का काढत न्हाई?” मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ अशी पैज लावली होती, म्हणून तेजलने लोहगडवाडीतल्या त्यांच्या टपरीवर विचारलंच. पप्पांनी मान वळवली आणि तिचा संशय बळावला. तोंड मिटलं तरी तिचे पुढचे दात जुळत नव्हते. दातांना तारा लावायचा विषय निघाला की पप्पा म्हणायचे, “लहानपणी अंगठा चोखलास, आता भोग.” लोणावळ्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, जबड्याची ठेवण आईबापांकडूनही येते. तेव्हापासून तिची नजर पप्पांवर होती. ते पेरूसुद्धा दाढेखालीच धरायचे. तिने काकडीची पातळ चकती दिली. “पुढच्या दातांनी तोडा.” पप्पांनी चावली, चकती अख्खीच राहिली. “अगं बया, तुमचंबी तसंच?” टपरीत चहा गाळणारी आई म्हणाली. “आमच्या टायमाला दात कोण दाखवायचं,” पप्पा पुटपुटले. “मोठ्यांचेबी जुळवतात,” तेजल म्हणाली. “सोमवारी टपरी बंद. मी तारा बसवणार, आणि पप्पा शेजारच्या खुर्चीत बसणार.”