च्च

दुसऱ्याचं काम बघितलं की जिभेनं ‘च्च’ करायचं, ही त्याची जुनी खोड. अक्कल काय ती आपल्या एकट्याच्याच वाट्याला आली, अशा तोऱ्यात तो सासऱ्यांच्या गॅरेजात वावरायचा. “मामा, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन कळायचे दिवस गेले,” असं त्यांना तोंडावर ऐकवायचा.

आज नवी रेसिंगची गाडी आली होती. वेग वाढला की तिच्या इंजिनातले व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ आपोआप बदलायची, आणि तीच त्याला लॅपटॉपवरून नीट बसवायची होती. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर गेला, वेळ बदलली आणि इंजिनातून आवाज आला, “च्च.”

त्यानं आकडे बदलले. च्च. पुन्हा बदलले. च्च.

सासरे इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून ऐकत होते. “जावईबापू, ही खडखड नाही. गाडी तुमच्या कामाला नावं ठेवतेय.”

“तुमचे कान गंजलेत, मामा.”

त्यानं इंजिन बंद केलं, बॅटरीची वायरसुद्धा काढली, बॉनेट आपटलं. मग सासऱ्यांकडे बघून सवयीप्रमाणे जीभ टाळ्याला लावून सोडली.

तोंडातून आवाजच निघाला नाही.

तो बॉनेटखालून आला.