शेगडीपुढची मॅट

थोरल्या जावेने मॅट अंगठ्याने दाबली. कणीक मुरली की नाही हे ती जसं बघायची, अगदी तशीच. अंगठा आत गेला, खड्डा पडला, हळूहळू भरून आला.

"हीच घेऊ. लोणी आहे नुसतं."

मॅटवाल्याने दुसरा नमुना पुढे सरकवला. काळा, जाड, भोकाभोकांचा, कडेला उतार दिलेला. थोरलीने त्यालाही अंगठा लावला आणि नाक मुरडलं. "हा तर दगड आहे. दगडावरच उभं राहायचं तर फरशी काय वाईट आहे?"

"बाई, ही पारख हाताने होत नाही. पायाने होते."

"माझी सगळी पारख हातातच आहे हो. इतक्या लोकांना जेवायला घालते ती काय पायाने?"

धाकटी जाऊ सिंकपाशी भांडी विसळत होती. खानावळ दोघींची. थोरली शेगडीवर, धाकटी बाकी सगळीकडे. मॅटवाल्यालाही तिनेच बोलावलं होतं. "ताई, तुम्हाला हवी तीच घेऊ," ती म्हणाली, "पण दुपारची गर्दी होऊन जाऊ द्या. गर्दीत उभं राहिल्याशिवाय काही कळायचं नाही." मॅटवाल्याला तिने बाहेर टेबलावर बसवलं आणि जेवल्याशिवाय जायचं नाही असा दमही भरला.

थोरलीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय! तिच्या टाचा कधीच्या कामातून गेल्या होत्या. आज गर्दी ओसरली की ती धाकटीला सांगणार होती, माझ्याने आता उभं राहवत नाही, दुसरी बाई बघ. आंघोळ करताना तिने ते वाक्य म्हणूनही पाहिलं होतं आणि तिथेच तिला रडू फुटलं होतं. शेगडी सुटल्यावर घरात बसून करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

मऊ मॅट शेगडीपुढे अंथरली गेली. आधी बरं वाटलं. मग ताटांमागून ताटं जायला लागली आणि थोरलीचे दोन हात चार ठिकाणी फिरायला लागले. तळणाकडून तव्याकडे वळलं की पाय रुतायचे आणि घोटा मुरगळायचा. मऊपणा दबून जाऊन खाली पुन्हा तीच फरशी लागत होती, आणि वर तोल सांभाळायचा ताप वेगळा. तेवढ्यात तेल सांडलं, टाच सरकली आणि तिने ओट्याची कड धरली म्हणून निभावलं.

"भीक नको पण कुत्रं आवर!" ती ओरडली. "उचल गं ही बया इथून!"

धाकटी हात पुसत आली. तिने मऊ मॅट ओढून काढली, भोकांची टाकली आणि परत गेली. थोरलीने तोंड वाकडं केलं, पण भांडायला वेळ कुणाला होता? तव्यावरचं करपत होतं.

शेवटचं ताट गेलं. थोरली शेगडी पुसत होती आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आपण आधाराला ओटा कुठेही धरलेला नाही. मधल्या वेळात तिला पायांची आठवणच झाली नव्हती. टाचा दुखत होत्या, नाही असं नाही. पण रोज त्या किंचाळायच्या, आज नुसत्या कुरकुरत होत्या.

"कशी आहे?" धाकटीने विचारलं.

"दगडच आहे. पण गुणी आहे." मग जरा थांबून तिने विचारलं, "माझ्या टाचांचं तुला कुणी सांगितलं? मी तर ब्र काढला नव्हता."

"तुम्ही कशाला काढाल? सकाळी उठलात की भिंत धरून मोरीपर्यंत जाता. भिंतीवर तुमचे हात उमटलेत, ताई. पुसते कोण ते?" धाकटीने हातातलं फडकं पिळलं. "मऊ लागलं म्हणून आम्ही कोपराने खणत राहिलो. ही मॅट कधीच आणायला हवी होती."

थोरलीला भरून आलं. आपण चालताना कुणीतरी बघत होतं, आणि न बोलता भिंत पुसत होतं. एवढ्या माणसांना जेवू घालून तिला कधी वाटलं नव्हतं इतकं पोट भरल्यासारखं वाटलं.

मॅटवाला मिशा पुसत आत आला. "जेवण फर्स्टक्लास! मग, काय ठरलं?"

"टिकते किती?" थोरलीने विचारलं.

"रोज उचलून धुतलीत तर पाच वर्षांना मरण नाही."

थोरलीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "मग पाच वर्षं काही माझ्या जागी दुसरी बाई बघावी लागणार नाही," ती धाकटीला म्हणाली.

दुसरी बाई कुठली, हे धाकटीने विचारलं नाही. ती सिंककडे वळली आणि नळ सोडून, पाठ करून उभी राहिली. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं. खालच्या ओल्या फरशीवर ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, पुन्हा पहिल्यावर घेत होती. थोरली कितीतरी वेळ तिच्या टाचांकडे बघत राहिली.

"दोन द्या हो," ती मॅटवाल्याला म्हणाली. "आणि सिंकपुढची आधी टाका."