मागची भिंत

"बाय, ही भिंत आज दिवा लागायच्या आत उरकाय पायजे." देवजीने चुना भरायची करणी घमेल्याच्या काठावर आपटली. "सांजचं कीर्तन हाय. घरवालीला शब्द दिलाय, यंदा जोडीनं बसू म्हनून."

"उरकंल," बाई म्हणाली. "घाई नका करू, मिस्तरी."

तळवलीत असली घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. रस्त्याच्या बाजूने एकेक पडत चाललं होतं आणि त्या जागी तिमजली खोल्या उठत होत्या. हे मात्र जुन्या भाजक्या विटांचं, चुन्यात बांधलेलं. मागच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधल्या चुन्याच्या भेगा, साफ रिकाम्या झाल्या होत्या. छातीच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा ओळी. खाडीचा खारा वारा चुना खातो, हे देवजीला ठाऊक होतं. पावसाला दीड महिना होता.

त्याने पाण्याचा हबका मारला आणि एका दर्जेत बोट घातलं.

"हिला आधी कुनी हात लावलाय का?"

"का?"

"खरवडलंय बेस. हत्यार गवंड्याचं नाय, उलथन्याच्या दांड्यानं केल्यागत वाटतंय. पन एक वीट दुखावली नाय. मायेनं केलंय कुनी."

बाईने विरलेल्या हिरव्या साडीचा पदर सारखा केला. "असंल कुनी," ती म्हणाली आणि चुन्याचं घमेलं पुढे सरकवलं.

चुना हाताला लोण्यासारखा लागला. देवजीने मान डोलावली. "तुमीच मळला? हात बसलाय तुमचा."

"बसला आता."

शेजारचा हिरामण सायकल धरून कुंपणापाशी थांबला. "काय देवजीकाका, आजून हीच भिंत? दोन घमेली सिमेंट मारा, टेन्शन खलास. जन्मात हलनार नाय."

"सिमेंट नको," बाई एकदम म्हणाली. इतक्या घाईने, की दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

देवजी मात्र खूश झाला. "बायला कळतंय, तुला नाय कळत. ही वीट मऊ. सिमेंट एकदा धरलं का सोडत नाय, वीट फुटंल पन ते निघायचं नाय. नेरूळच्या बिल्डिंगींवर हात झिजवले मी सिमेंटात. पन जुन्या घराला चुनाच. हळूहळू धरतो बिचारा."

हिरामण हसला नाही. "काकी," तो हलकेच म्हणाला, "आनखी किती दिवस..."

"तू जा हिरामण. देवळात सतरंज्या टाकायच्या हायत ना?"

तो खाली मान घालून गेला.

दुपारी बाईने चहा आणला. कप पुढे करताना तिच्या कोपराला लागलेला चुन्याचा पांढरा डाग देवजीला दिसला.

"मालक कुठं असतात, बाय?"

"कामावर गेलेत."

"टायमावर येतात का नाय?"

"येतात. सांजचं."

"मग बरं हाय. मी मेला कवा टायमावर गेलोच नाय." त्याने चहा बशीत ओतला. "आमची गिरजा चाळीस वर्सं एकटीच कीर्तनाला बसतेय. आज बुवा सुदाम्याचं आख्यान लावनार. देव अनवानी धावत येतो ना, तितं ती हमखास रडते. किती वर्सांनी दोस्त आला, अंगावर चिंध्या, तरी देवानं लांबूनच वळखला."

बाई पाठमोरी होऊन कप विसळू लागली. एकच कप, पण बराच वेळ विसळत राहिली.

"काम नसलं का माजं बरं नसतं," देवजी आपल्याच नादात बोलत होता. "गेल्या वर्सी दोन महिने हात रिकामे. पाय भरकटायचे. एकदा पार खाडीत उतरलो म्हनं, भरतीच्या वक्ताला. गिरजानं वरडून वरडून गाव गोळा केला. मला त्यातलं काय आठवत नाय. हातात करनी आली, तवा जाग्यावर आलो."

"मग करनी सोडू नका," बाई म्हणाली.

ऊन उतरलं तशी एकेक ओळ भरत गेली. देवजीने शेवटची दर्ज अंगठ्याने दाबली, ओल्या फडक्याने विटा पुसल्या आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. भिंत नव्या नवरीसारखी दिसत होती.

"झाली, बाय. आता वीस वर्सं बघाय नको. मालकांना सांगा, देवजीनं केलंय."

बाईने भिंतीवरून तळवा फिरवला. "सांगते," ती म्हणाली.

त्याने करणी धुऊन पिशवीत टाकली आणि तो बोळात शिरला. दोन वळणं घेतली आणि घर आलं. समोर मारुतीच्या देवळात टाळ सुरू झाले होते.

"गिरजा," त्याने दारातूनच हाक मारली, "चल. आज टायमावर आलो बघ."

गिरजा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तीच विरलेली हिरवी साडी. कोपराला तोच चुन्याचा पांढरा डाग.

"दमलाव," ती म्हणाली. "ओटीवर टेका. हितनं सगळं ऐकू येतं."

त्याने पाय धुतले आणि खांबाला पाठ लावली. "लय भली बाय हाय त्या घरची. पन तिचा घरवाला एकदाबी दिसला नाय. एकटीच असते बिचारी."

"येईल तो."

"तू बस ना."

"आले. तुमी ऐका."

बुवांनी सुदाम्याला द्वारकेच्या वेशीपाशी आणलं होतं. देवजी गुडघ्यावर ठेका धरू लागला. गिरजाने चुलीमागचं उलथणं उचललं आणि ती मागच्या दाराने त्या भिंतीपाशी गेली. चुना ओला होता तोवर तिला चौदाही ओळी खरवडून पुन्हा रिकाम्या करायच्या होत्या.